उकिरड्याखालचे पाणी : तळोद्याच्या नागरिकांसाठी काही सूचना

गावाबाहेर टाकलेल्या कचऱ्याचा विचार आपण बहुधा डोळ्यांनी आणि नाकाने करतो. ढीग दिसला नाही आणि दुर्गंधी आली नाही म्हणजे नगरपरिषदेने आपले कर्तव्य पार पाडले, असे समजून नागरिक निश्चिंत होतात. आणि ढीग वस्तीपासून कोस-अर्ध्या कोसावर नेऊन ओतला म्हणजे आपण त्याच्या कचाट्यातून सुटलो, असे कारभाऱ्यांनाही वाटू लागते. परंतु ज्या गावाचा संसार विहिरी आणि कूपनलिका यांवर चालतो, त्या गावाने कचऱ्याकडे पायांखालच्या बाजूने पाहिले पाहिजे. कारण ढिगाचा जो भाग वाऱ्याने उडतो, कुत्री ओढतात किंवा आगीत जळतो, त्याच्यापेक्षा जो भाग पावसात विरघळून मुकाट्याने खाली उतरतो, तोच दीर्घकाळ आणि दूरवर उपद्रव देतो. कचरा कोठे टाकावा हा निर्णय वरकरणी स्वच्छतेचा दिसत असला, तरी वस्तुतः तो पाण्याविषयीचा निर्णय आहे, आणि तो चुकला तर दुरुस्त करण्याची संधी एका पिढीच्या हयातीत मिळेलच असे नाही. हे तत्त्व तळोद्यासारख्या गावाने विशेष ध्यानात घ्यावे, यासाठी हे विवेचन.

तळोद्याची जमीन

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टाच्या थरांवर वसलेला आहे, आणि तेथे भूजल खडकाच्या सांध्यांतून व भेगांतून वाट काढीत फिरते. तळोद्याची गोष्ट निराळी आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून वेगाने उतरणारे नदी-नाले हजारो वर्षे जे दगडगोटे, वाळू आणि माती वाहून आणीत आले, त्यांचा पट्टा डोंगराच्या पायथ्याशी पसरला आहे; भूशास्त्रज्ञ त्याला ‘बझाडा’ म्हणतात. त्याच्या दक्षिणेस तापीपर्यंत गाळाच्या मातीचे जाड थर आहेत, आणि त्यांत चिकणमाती व वाळू एकाआड एक आढळतात. या गाळाच्या जमिनीवरच केळी, ऊस, पपई आणि कापूस यांची शेती उभी आहे आणि त्या शेतीचा प्राण म्हणजे खोल कूपनलिका.

या रचनेचा अर्थ नीट समजून घ्यावा. पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा पाणी झपाट्याने आत घेतो; पावसाळ्यात डोंगरावरून आलेला ओहोळ तेथे पाहता पाहता जिरून जातो, आणि तेच पाणी पुढे दक्षिणेकडे सरकत सरकत खालच्या गावांच्या कूपनलिकांना पोसते. ज्या गुणामुळे हा पट्टा साऱ्या तालुक्याच्या पाण्याचे भांडार ठरतो, त्याच गुणामुळे कचरा टाकण्यास तो सर्वांत अयोग्य ठरतो. शेतीला निरुपयोगी, दगडाळ, ओसाड, म्हणून कचऱ्याला योग्य, अशी जी समजूत आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे, ती येथे नेमकी उलटी पडते. खालच्या गाळाच्या प्रदेशात चिकणमातीचे थर काही अंशी संरक्षण देतात खरे. पण ज्या थराला शेकडो कूपनलिकांनी भोके पाडली आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींच्या केसिंगभोवतीची पोकळी धड बुजवलेलीही नाही, तो थर कितपत राखणदारी करणार, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

विष खाली कसे उतरते

आपल्या गावांच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो : भाजीचा पाला, खरकटे, फळांच्या साली, मंडईतील नासका माल. हा ढीग कुजू लागला म्हणजे प्रथम त्यातील प्राणवायू संपतो, मग आम्ले तयार होतात, आणि त्या आम्लयुक्त द्रवात बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, तुटकी विद्युत उपकरणे यांतील शिसे, कॅडमियम यांसारखे धातू विरघळण्यास सुरुवात होते. त्यावर पाऊस पडला की चहाच्या पातेल्यातून अर्क उतरावा तसा काळपट, उग्र वासाचा द्रव ढिगाच्या तळाशी साचतो. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर कोणत्याही जुन्या उकिरड्याच्या उताराच्या बाजूस गेले, तर हा द्रव तेलकट तवंगासह लहान लहान ओघळांनी वाहताना दिसतो. जो दिसतो तो थोडा. बाकीचा तेथेच जिरतो.

त्याचे प्रमाण किती, हे साध्या हिशेबाने कळेल. वीस गुंठे जागेवर कचरा पसरलेला आहे आणि वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस पडतो, असे धरले, तर त्या जागेवर सुमारे 14 लाख लिटर पाणी पडते. त्यातला केवळ चौथा हिस्सा ढिगातून झिरपून जमिनीत गेला असे मानले, तरी साडेतीन लाख लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे 35 टँकर भरतील एवढा दूषित द्रव, एका पावसाळ्यात भूगर्भात जातो. कचरा टाकणे बंद केले म्हणजे हे थांबते, असेही नाही. उघड्या ढिगातून अमोनिया आणि क्षार पुढे अनेक वर्षे पाझरत राहतात.

भूजलात गेल्यावर निरनिराळे घटक निरनिराळ्या चालीने पुढे जातात. क्लोराइड मातीला चिकटत नाही, म्हणून ते सर्वांच्या पुढे धावते; विहिरीचे पाणी मचूळ लागू लागणे ही बहुधा पहिली खूण असते. कुजणाऱ्या द्रव्यांनी भूजलातील प्राणवायू खाऊन टाकला म्हणजे मातीतले लोह आणि मँगेनीज विरघळू लागतात. असे पाणी उपसताना स्वच्छ दिसते, पण काचेच्या पेल्यात रात्रभर ठेवले तर सकाळी तांबूस होते व तळाशी गाळ बसतो. जड धातू चिकणमातीत अडकून सावकाश सरकतात. पण दगडगोट्यांच्या जमिनीत त्यांना अडविणारे फारसे कोणी नसते. शिवाय भूजल सामान्यतः जमिनीच्या उताराने, म्हणजे तळोद्यात उत्तरेकडून दक्षिणेकडे, वाहत असले, तरी जेथे जोराचा उपसा होतो तेथे आसपासचे पाणी ओढले जाते. त्यामुळे रात्रंदिवस चालणारी एखादी कूपनलिका बाजूच्या उकिरड्याखालचे पाणीही आपल्याकडे वळवू शकते.

दुसऱ्यांना लागलेली ठेच

हे केवळ पुस्तकी भय आहे, असे कोणी समजू नये. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत ओतला गेला. कालांतराने तेथील विहिरींचे पाणी पिण्याच्या लायकीचे उरले नाही. ज्या गावांत पूर्वी पाण्याची ददात नव्हती तेथे टँकरची वाट पाहण्याची पाळी आली, आणि गाड्या अडविणे, आंदोलने, न्यायाधिकरणापुढील खटले असा प्रदीर्घ झगडा सुरू झाला. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नारेगावच्या कचरा डेपोस कंटाळलेल्या ग्रामस्थांनी फेब्रुवारी 2018 मध्ये गाड्या रोखल्या आणि पुढे उच्च न्यायालयानेही तेथे कचरा टाकण्यास मनाई केली. तेव्हा साऱ्या शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. या दोन्ही ठिकाणी आरंभी सोयीची, स्वस्त आणि दूरची वाटलेली जागा शेवटी सर्वांत महागात पडली.

तळोदा लहान आहे, ही तळोद्याच्या जमेची बाजू. 2011 च्या जनगणनेत येथील लोकसंख्या 26 हजारांच्या आसपास होती. दरडोई पाव किलो कचरा धरला तरी तो दिवसाला साडेसहा टनांच्या घरात जातो. एवढ्या कचऱ्याची नीट व्यवस्था लावणे हे महानगरासारखे दुर्घट कार्य नाही.

पाण्याची परीक्षा कशी करवावी

उकिरड्याच्या परिसरात ज्यांची विहीर, हातपंप किंवा कूपनलिका आहे, त्यांनी संशयावर न थांबता पाण्याची तपासणी करवून घ्यावी. ती करताना एकाच विहिरीचे पाणी तपासून भागत नाही, ही मुख्य गोष्ट. नायट्रेट रासायनिक खतांतूनही येते, जंतू शौचालयाच्या शोषखड्ड्यातूनही येतात, आणि काही क्षार जमिनीतच असतात. म्हणून उकिरड्याच्या वरच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूची एक विहीर आणि उताराच्या बाजूच्या दोन-तीन विहिरी, अशी तुलना केली पाहिजे. वरच्या विहिरीत जे नाही ते खालच्या विहिरींत आढळले, आणि अंतर वाढेल तसे ते कमी होत गेले, तरच उकिरड्याकडे बोट दाखविता येते. केवळ नायट्रेट वाढले असेल तर दोष बहुधा शेताचा. क्लोराइड, अमोनिया, लोह आणि सेंद्रिय द्रव्यांचा भार ही सर्व एकत्र वाढली असतील तर ती कचऱ्याची ओळख समजावी.

नमुना वर्षातून दोनदा घ्यावा : एकदा मे महिन्यात पावसापूर्वी, आणि एकदा ऑक्टोबरात पावसानंतर. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिकचा एक लिटरचा कॅन पुरतो. पंप पाच-दहा मिनिटे चालू ठेवून नळीतले शिळे पाणी जाऊ द्यावे, त्याच पाण्याने कॅन तीनदा विसळावा, काठोकाठ भरून घट्ट बूच लावावे, आणि त्यावर ठिकाण, मालकाचे नाव, विहिरीची खोली, तारीख व वेळ यांची चिठ्ठी चिकटवावी. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली हवी. ती विसळू नये, तिच्या तोंडास बोट लावू नये, आणि बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत अशी तपासणी होते. खेडेगावांत ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक आणि जलजीवन मिशनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या महिला यांच्याकडील क्षेत्रीय तपासणी संचाने प्राथमिक अंदाज मिळतो.

अहवाल हाती आल्यावर तो भारतीय मानक 10500 शी ताडून पाहावा. दर लिटरमागे एकूण विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोत नसल्यास 2000 पर्यंत चालतात, क्लोराइड 250, व दुसरा उपाय नसल्यास 1000, नायट्रेट 45 मिलिग्रॅम, आणि त्यात कसलीही सवलत नाही, शिसे 0.01 आणि कॅडमियम 0.003 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये; ई. कोलाय हे जंतू 100 मिलिलिटर पाण्यात मुळीच आढळू नयेत. सर्व अहवाल तारीखवार एका फायलीत लावून ठेवावेत. आज तो केवळ कागद वाटेल. उद्या दाद मागण्याची वेळ आल्यास तोच पुरावा ठरतो.

पाणी दूषित निघाले तर

पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट, क्षार व धातू तसेच राहतात. किंबहुना पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण वाढते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले विष बसत नाही. नायट्रेटयुक्त पाण्यात बाळाचे वरचे दूध कालवले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि अंग निळे पडू लागते. म्हणून तान्ह्या बाळांसाठी असे पाणी कदापि वापरू नये. घरोघरी बसणारे पडद्याचे (आरओ) शुद्धीकरण यंत्र क्षार कमी करते. पण त्याचा पडदा वेळेवर बदलला नाही तर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि गोठ्यातल्या जनावरांना तर त्याचा काहीच उपयोग नाही. तेव्हा बाधित विहीर पिण्यासाठी बंद करून तिच्यावर तशी पाटी लावावी, आणि नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे निर्धोक स्रोतातून पाण्याची लेखी मागणी करावी, हाच खरा तात्पुरता उपाय होय.

जागा कशी असावी

नागरिकांनी केवळ ‘आमच्याकडे नको’ असे म्हणून थांबू नये. कोठे आणि कशी असावी, हेही सांगता आले पाहिजे. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी याची मोजमापे घालून दिली : भरावाची जागा नदीपासून 100 मीटर, तलावापासून 200 मीटर, तसेच वस्ती, महामार्ग आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून 200 मीटर दूर असावी; तळाशी 90 सेंटिमीटर जाडीचा अभेद्य मातीचा थर व त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर असावे; आणि भूजलाची सर्वांत वरची पातळीही या थराच्या किमान दोन मीटर खाली असावी. भरावापासून 50 मीटरच्या परिघातील भूजलाची निरनिराळ्या ऋतूंत तपासणी करावी, आणि जागा बंद केल्यानंतरही 15 वर्षे तिची देखभाल ठेवावी, असेही त्यात सांगितले आहे. तळोद्याच्या बाबतीत यांस एक स्थानिक अट जोडावी लागेल, ती ही की पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा आणि नाल्यांची पात्रे यांत कचऱ्याचा एक कणही पडू नये, कारण तेथे 200 मीटरचे अंतर कागदावर पुरेसे दिसले, तरी पाण्याच्या चालीपुढे ते अपुरे आहे.

तथापि सर्वांत उत्तम उकिरडा म्हणजे नसलेला उकिरडा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेने घरोघरी कचऱ्याचे बारकाईने वर्गीकरण करवून आपल्या कचराभूमीचे बागेत रूपांतर केले, आणि लोक ती पाहण्यास येऊ लागले. जेथे जुना ढीग साचलेलाच आहे तेथे तो उकरून, चाळून, माती, प्लॅस्टिक व दगड वेगळे काढण्याची पद्धत आता रुळली आहे. ते काम होईपर्यंत निदान पावसाळ्यापूर्वी ढिगाभोवती चर खणून बाहेरचे पाणी वळवावे आणि ढीग मातीने झाकून त्यास उतार द्यावा, एवढी तजवीज अल्प खर्चात होण्यासारखी आहे.

आपल्या हातचे

ओला कचरा घरातच वेगळा ठेवला तर ढिगात जाणारा भार निम्म्याने उतरतो आणि धातू विरघळविणाऱ्या आम्लांचे मूळच नाहीसे होते. ज्यांना परसदार किंवा शेत आहे त्यांनी नाडेप पद्धतीचा हौद बांधावा. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेला, 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच, भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवलेला हा विटांचा हौद तीन-चार महिन्यांत उत्तम खत देतो, आणि केळीच्या बागांना त्या खताची गरज सदैव असते. उलट, वर्गीकरण न केलेला नगरपालिकेचा कचरा फुकट मिळतो म्हणून शेतात पसरणे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. काचा, सेल आणि औषधांची वेष्टने एकदा मातीत मिसळली की ती वेचून काढणे शक्य नसते. सेल, ट्यूबलाइट, जुनी औषधे, कीटकनाशकांचे डबे हे सर्व निराळ्या डब्यात जमवून नगरपरिषदेच्या गाडीकडे स्वतंत्र द्यावे.

आणि एका सवयीला तर तत्काळ आळा घातला पाहिजे. पाण्याची पातळी खालावल्यामुळे आटलेल्या जुन्या विहिरी हे आपल्या मुलखातले सार्वत्रिक दृश्य आहे, आणि ओस पडलेली विहीर दिसली की तीत कचरा, मेलेली कुत्री-मांजरे, प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकण्याचा मोह कोणासही आवरत नाही. वरची माती जे थोडेबहुत गाळण करते, ते चुकवून घाण सरळ जलधारक थरापर्यंत पोहोचविण्याचा याहून सोपा मार्ग दुसरा नाही. अशी विहीर मालकाने उपसून स्वच्छ करावी, तोंडावर जाळी बसवावी, आणि जमल्यास शेताचे गाळलेले पावसाचे पाणी तीत सोडावे. वापरात नसलेल्या कूपनलिकेचे तोंड झाकण लावून पक्के बंद करावे.

दाद कोठे मागावी

तक्रार तोंडी करू नये. प्रथम नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. अर्जासोबत पाण्याचे अहवाल, ढिगाची तारीख असलेली छायाचित्रे आणि गट क्रमांक द्यावा. कचराभूमीस कोणत्या अटींवर परवानगी मिळाली आणि भूजलाची तपासणी झाली आहे काय, हे माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये विचारता येते, आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्यानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावी. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त हुकूम काढण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांस आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली आहे. एवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुण्यातील पीठ आहेच.

पैसा नाही, ही सबब पुढे आल्यास रतलामचा दाखला द्यावा. मध्य प्रदेशातील त्या गावाच्या नागरिकांनी उघडी गटारे व घाण यांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा नगरपालिकेने आपली तिजोरी रिकामी असल्याचे सांगितले. परंतु 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सार्वजनिक आरोग्याचे वैधानिक कर्तव्य टाळण्यास द्रव्याभाव हे निमित्त होऊ शकत नाही.

न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ येऊ न देणे हे अर्थातच अधिक शहाणपणाचे. येत्या मे महिन्यात, पहिला पाऊस पडण्यापूर्वी, प्रत्येक प्रभागातील चार-पाच जाणत्या नागरिकांनी एकत्र यावे, उकिरड्याच्या वरची एक आणि खालच्या दोन-तीन विहिरी निवडून त्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत, आणि आलेल्या अहवालाची एक प्रत नगरपरिषदेच्या दप्तरी दाखल करावी. पाणी शुद्ध निघाले तर ते तसे टिकविण्यासाठी, आणि अशुद्ध निघाले तर त्वरित उपाय करण्यासाठी, तो एक कागद गावाच्या कामी येईल.